बिया गाळलेलं दूध

गणपती उठले आणि बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं. दिवाळी रेडिएशनमध्ये गेली. इंदुरात सगळे त्याला सिकाई म्हणतात, मीही तसंच म्हणू लागलो. श्वासासाठी गळ्याला नळी बसवली होती. ती नंतर काढली, भोकही भरून आलं. पण आवाज परत आला नव्हता. येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. कधी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी सांवेर रोडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. आयुष्यभर लेथ मशिनींच्या आवाजात काम केलं. घरी आलो की पानात वाढलेलं जेवायचं आणि टीव्ही बघत झोपायचं, एवढंच मला येत होतं. मुलगी पुण्याहून येऊन राहिली, पण तिची नोकरी होती, लहान मूल होतं. ती परत गेली तेव्हा जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत न बोलू शकणारी बायको आणि काय बोलावं ते न कळणारा मी, असे दोघंच उरलो.

हॉस्पिटलातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलं होतं की घन काही द्यायचं नाही आणि पाण्यासारखं पातळही नाही. पातळ पदार्थ श्वासनळीत उतरतो. दाटसर दूध द्या, थंड द्या, थोडं थोडं द्या. मी डब्यातली पावडर दुधात घालून द्यायचो. ती दोन घोट घ्यायची आणि ग्लास बाजूला सारायची. तिचं वजन उतरत होतं. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या.

जानेवारीत तपासणीला पलासियाच्या हॉस्पिटलात गेलो होतो. जखम भरत आली आहे, कच्चं आंबट सोडून हळूहळू इतर काही द्यायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर पडलो तर फुटपाथला लागून स्ट्रॉबेरीची गाडी उभी होती. तिनं माझी बाही ओढली. मला वाटलं तिला चक्कर येतेय. तिनं गाडीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, मग अंगठा ओठांशी नेऊन प्यायची खूण केली. गाडीवाला म्हणाला, "ले जाओ भिया, आज ही का माल है." मी दोन डबे घेतले.

घरी आल्यावर तिला पलंगावर बसवलं आणि स्वयंपाकघरात गेलो. दूध तापवलं, स्ट्रॉबेरी धुऊन मिक्सरमध्ये फिरवली आणि गरम दुधात ओतली. बघता बघता दूध फाटलं. गुलाबी पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या आणि मी त्या डावानं मोडायचा प्रयत्न करत होतो. ती केव्हा दारात येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. तिनं पातेलं मोरीत ओतलं आणि भिंतीला टेकून उभी राहून मला शिकवू लागली.

शिकवणं सगळं हातांनी. दुसऱ्या डब्यातली फळं कापायला लावली. त्यावर साखर घालायला लावली आणि मी लगेच गॅस पेटवायला गेलो तर मनगट धरलं. थांबायचं होतं. साखरेला पाणी सुटलं तेव्हा तिनं मान हलवली. आच कमी, आणखी कमी, असं ती तळहात खाली खाली नेऊन सांगत होती. फळं मऊ पडली, रंग गडद झाला, तेव्हा भांडं उतरवून पाण्याच्या परातीत ठेवायला लावलं. तोवर दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर शिजवून तेही गार करायला ठेवलं. दोन्ही गार झाल्याशिवाय तिनं एकमेकांत मिसळू दिलं नाही. मिसळल्यावर दूध फाटलं नाही.

पण गाळायचं राहिलं होतं. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या घोटाला बारीकशी बी तिच्या घशात चिकटली आणि ती खोकू लागली. खोकल्याला आवाज नव्हता. डोळे बाहेर आले, चेहरा निळसर झाला आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत नुसता उभा होतो. ग्लास पडल्याचा आवाज ऐकून शेजारच्या भाभीजी धावत आल्या, त्यांनी तिला पुढे वाकवलं. थोड्या वेळानं श्वास मोकळा झाला. भाभीजींनी मला बजावलं, "भाईसाब, अब ये सब मत पिलाना." मीही ठरवलं की हे पुन्हा नाही.

संध्याकाळी तिनं कपाटातून जुनं मलमलचं धोतर काढलं, कात्रीनं त्याचा चौकोन कापला आणि माझ्या हातात दिला.

तेव्हापासून मी रोज सकाळी ते दूध करू लागलो. गर एकदा चाळणीतून आणि मग मलमलीतून गाळायचा. फडकं पिळताना बिया आत राहतात आणि बोटांमधून लाल धारा निघतात. हे काम घाईनं होत नाही. ती खुर्ची आणून दारात बसायची. पहिले काही दिवस हात हलवून चुका दाखवायची, नंतर नुसती बघायची. ग्लास दिला की सावकाश, घोट घोट करून रिकामा करायची. मी समोर बसून तिचा गळा हलताना बघायचो. एकही ग्लास तिनं परत केला नाही. वजन काट्यावर थांबलं, मग थोडं वर सरकलं.

ऊन तापायला लागलं तशी स्ट्रॉबेरी संपली. मग बाजारात शहतूत, म्हणजे आपली तुती, आले. ते आणताना पिशवीतच अर्धे फुटायचे. त्यांना साखर कमी लागते, देठ मात्र एकेक काढावे लागतात, आणि हाताचा जांभळा रंग दोन दिवस जात नाही. भाजीवाली माझे हात बघून विचारायची, भाईसाब रंगाईचं काम करता का.

त्याच सुमारास तिचा आवाज आला. आला म्हणजे काय, कागद घासल्यासारखी कुजबुज. मुलीशी फोनवर ती दोन शब्द बोलली आणि पलीकडून रडणंच ऐकू आलं. हळूहळू वाक्यं जमू लागली. एके सकाळी मी शहतुताचा ग्लास दिला आणि सहज विचारलं, साखर बरोबर आहे का? इतके दिवस रिकामा ग्लास हेच उत्तर समजून मी विचारलंच नव्हतं.

तिनं ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "मला नाही माहीत."

"म्हणजे?"

"चव लागत नाही. सिकाईपासून कशाचीच लागत नाही. माती आणि हे, दोन्ही सारखंच."

एवढे महिने मी काय करत होतो, असं झालं. मी विचारलं, मग त्या दिवशी स्ट्रॉबेरी कशाला मागितलीस? रोज प्यायलीस कशाला?

 

"तुम्ही भिंतीकडे बघत बसायचात," ती म्हणाली. "दिवसभर. मी आजारी, आणि माणूस तुमच्यातला निघून गेलेला. म्हटलं, काहीतरी हाताला लागू दे. आणि मी गेले तर तुम्हाला निदान आपल्यापुरतं शिजवता यावं."

"असं बोलू नये," एवढंच मी म्हणालो. ती म्हणाली, "इतके दिवस बोललेच नाही ना मी." आणि ग्लास उचलून उरलेलं दूध प्यायली.

मी दूध करणं थांबवलं नाही. चव लागो न लागो, अंगाला लागत होतं. मे महिन्यात फालसे ही वाटाण्याएवढी जांभळी फळं आणली, तेव्हा घोट घेतल्यावर तिचा एक डोळा बारीक झाला. "आंबट," ती म्हणाली. मी धावत साखर आणली तर तिनं ग्लासावर हात ठेवला. राहू द्या म्हणाली. त्या उन्हाळ्यात आधी आंबट आलं, मग खारट. गोड सगळ्यात शेवटी आलं, तेही पुरतं नाही.

पुढचं वर्ष आम्हाला चांगलं मिळालं. ती मऊ भात खायची, सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालायची. ती खुर्चीतून सांगायची आणि मी वरण, खिचडी, माळवी कढी असं एकेक शिकत गेलो. मग गाठ फुफ्फुसात निघाली. डॉक्टरांनी आणखी उपाय सांगितले. ती नको म्हणाली, आणि त्या शब्दावर आम्ही दोघांनीही पुन्हा चर्चा केली नाही. शेवटच्या आठवड्यांत तिला काही गिळता येत नव्हतं. मी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठ ओले करायचो. एका दुपारी, मुलगी उशाशी असताना, ती गेली.

तेरावं झाल्यावर मुलगी म्हणाली की बाबा, आता पुण्याला चला, इथे तुमचं कोण करणार. मी म्हटलं, बघू. मग उठून कुकर लावला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. मी तिला वाढलं, माझं पान घेतलं आणि आम्ही दोघं जेवलो.