बिनचूक भरलेले फॉर्म

त्या उन्हाळ्यातला टँकरचा तपास माझ्या मनातून कधी गेला नाही. मध्यंतरी सोलापुरात कॉलेजच्या लॅबमध्ये बसलो असताना तो पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला, म्हणून लिहायला घेतलं. मी लेखक नाही. आयुष्यभर स्टेशन डायरी आणि जबाब लिहिले. भाषा तशीच येईल, सांभाळून घ्यावं.

आधी स्वतःबद्दल थोडं सांगतो. माझे वडील मोडनिंबच्या बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजात कुणी गेलेलं नव्हतं. बारावीनंतर मी शिपाई म्हणून भरती झालो, पुढे खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरच्या पदवीला नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान आहेत. मला 'काका' म्हणतात. आरोपीसमोर कधी घाबरलो नाही, पण वर्गात शंका विचारायला हात वर करताना अजून छातीत धडधडतं.

त्या दिवशी सर वेब फॉर्म शिकवत होते. समोर दिसतो तो फॉर्म, मागे असतो डेटाबेस, आणि दोघांच्या मध्ये 'व्हॅलिडेशन' म्हणजे तपासणी. रकाना मोकळा राहिला, आकडे कमी पडले, तारीख चुकली, की लाल अक्षरात सूचना येते आणि फॉर्म पुढे जात नाही. आमच्या गटाला शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाच्या नोंदणीचा प्रकल्प मिळाला होता. गटातली एक मुलगी भराभर टाईप करत मला म्हणाली, "काका, मोबाईल नंबर कंपल्सरी ठेवते. आणि एक नंबर एकदाच चालेल असं करते. म्हणजे बोगस नोंदणीच होणार नाही."

मी तिला म्हणालो, "थांब पोरी. आधी एक केस ऐक."

मी तेव्हा सांगोल्याच्या बाजूला एका ठाण्यात होतो. पावसानं पाठ फिरवली होती आणि वाड्यावस्त्यांवर टँकर चालू होते. खेपांचं काम एका खासगी एजन्सीकडे होतं. एजन्सीनं एक वेब ॲप्लिकेशन सुरू केलं होतं. प्रत्येक कुटुंबानं नाव, वस्ती, माणसं, जनावरं आणि मोबाईल नंबर भरायचा. ज्या वस्तीवर जास्त कुटुंबं नोंदलेली, तिकडे जास्त खेपा. टँकर निघाला की त्या नंबरवर मेसेज जाणार. कागदावर सगळं चोख होतं.

एका सकाळी मेंढपाळांच्या एका वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन थेट ठाण्याच्या आवारात येऊन बसल्या. त्यांच्या खेपा कमी झाल्या होत्या आणि पाणी दुसरीकडे कुठंतरी चाललं होतं. ठाणे अंमलदारानं डायरीला नोंद घेतली. दुसऱ्याच दिवशी फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही.

"खोटी घरं लावल्यात साहेब. पाणी भलतीकडंच चाललंय. त्या ऑनलाइन सेंटरवाल्या पोरीचा नंबर तपासा की, किती घरांवर हाय ते कळंल."

आम्ही एजन्सीकडे यादी मागितली. ती घेऊन त्यांचा सुपरवायझर स्वतः ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. एकच मोबाईल नंबर कितीतरी घरांपुढे होता आणि त्यानं प्रत्येक ठिकाणी पिवळी खूण करून आणली होती.

"सरळ केस हाय साहेब," तो म्हणाला. "उचला तिला."

आमच्या वरिष्ठांनाही तसंच वाटलं. एक नंबर, अनेक कुटुंबं, म्हणजे बोगस नोंदणी. मला हुकूम झाला की जबाब घे आणि गुन्हा दाखल कर.

स्त्रीचा जबाब घ्यायला तिला ठाण्यात बोलवायचं नाही, हा नियम मी कायम पाळला. महिला हवालदाराला बरोबर घेऊन सेंटरवर गेलो. ही हवालदार स्वतः मेंढपाळाच्या घरातली, बोलायला फटकळ आणि नजरेला पक्की. सेंटर म्हणजे लोकांचे फॉर्म भरून देण्याची जागा: एक पत्र्याची खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. मुलगी विशीतली होती. तिचे वडील दारातच उभे होते.

मी यादी समोर धरली. "ह्यो नंबर कुणाचा?"

"माझाच हाय साहेब."

"एवढ्या घरांना तुझाच कसा?"

"त्यांच्याकडं फोनच न्हाय. मोकळं सोडलं तर लाल अक्षरं येत्यात, फॉर्म पुढं जात न्हाय. मग माझा टाकला. टँकरचा मेसेज आला की वस्तीकडं जाणाऱ्या कुणाच्याबी हाती निरोप धाडते."

वडील दारातून कडाडले, "मी सांगत हुतो, लोकांसाठी आपला नंबर देऊ नगं. आता भोग!"

"आप्पा, मग वस्तीवरच्या म्हातारीला काय सांगू? फोन घे, मग तहान लागू दे?"

"तोंड बघा हिचं! पोलीस समोर हायत अन् भांडायला बापाशी!"

महिला हवालदार मला हळूच म्हणाली, "साहेब, ही खोटी न्हाय. खोटं बोलणाऱ्याला बापाशी भांडायला सुचत नसतंय."

मग मुलीचा आवाज उतरला. "साहेब, एक सांगू? माझं नोकरीचं सिलेक्शन झालंय. सरकारी हाय. चारित्र्य पडताळणीचा कागद तुमच्याच ठाण्याकडं आलाय. माझ्या नावावर गुन्हा लागला तर..." वडिलांनी मान फिरवली.

तो कागद मला माहीत होता. माझ्याच टेबलाच्या खणात होता. त्याच खणात तिच्याविरुद्धचा अहवाल अर्धा लिहून ठेवलेला होता. त्यातला कुठला कागद पूर्ण करायचा हे माझ्यावर होतं.

मी तिच्या खुर्चीवर बसलो आणि स्वतः एक फॉर्म भरून बघितला. मोबाईल मोकळा सोडला, लाल अक्षरं आली. नऊ आकडे टाकले, पुन्हा लाल. ती मागून म्हणाली, "दहा आकडे टाका साहेब. कुणाचेबी टाका. घेतंय."

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की हा फॉर्म आकडे मोजतो, माणूस बघत नाही. पण एवढ्यानं मुलगी सुटत नव्हती. पाणी खरोखर कुठंतरी जात होतं आणि तिच्याशिवाय दुसरं नाव कुणाकडेच नव्हतं.

मी सोलापूरला गेलो, ज्यानं ते ॲप्लिकेशन बनवलं त्याच्याकडे. तरुण मुलगा, घरी तेलुगू बोलणारा, माझ्याशी अगदी नम्र. मी विचारलं, फॉर्म नाकारला जातो तेव्हा तो प्रयत्न कुठं राहतो का? तो म्हणाला, "राहतो सर. लोक कुठं अडतात ते कळावं म्हणून मी वेगळी नोंद ठेवतो." त्यानं ती नोंद पडद्यावर उघडली.

मी अशिक्षिताचे अंगठे आणि वकिलांच्या सह्या दोन्ही पाहिलेला माणूस, पण तशी गंमत पूर्वी पाहिली नव्हती. मुलीच्या सेंटरवरून गेलेला जवळजवळ प्रत्येक फॉर्म आधी अनेकदा नाकारला गेला होता. कुणाला जन्मतारीख माहीत नव्हती. कुणी पत्त्यात 'लिंबाच्या झाडामागं' लिहिलं होतं. कुणी जनावरांच्या आकड्याऐवजी 'कळप' लिहिलं होतं. शेवटी कसाबसा फॉर्म गेला होता, तिच्या नंबरासह.

एका वस्तीचे फॉर्म मात्र वेगळे होते. प्रत्येक फॉर्म पहिल्याच फटक्यात गेला होता. जन्मतारखा पूर्ण, घर क्रमांक ओळीनं, प्रत्येकाचा मोबाईल नंबर वेगळा.

तो मुलगा कौतुकानं म्हणाला, "बघा सर, हे लोक किती व्यवस्थित भरतात! सगळे असेच असते तर माझं काम सोपं झालं असतं."

मला मात्र तेच खटकलं. खरा साक्षीदार अडखळतो. वेळ सांगताना घुटमळतो, 'न्हाय, थांबा' म्हणून मागं जातो. ज्याचा जबाब कुठंच अडखळत नाही, त्यानं तो पाठ करून आणलेला असतो. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं, ठाण्यातल्या बाकड्यानं शिकवलं होतं. आणि तेच मला त्या पडद्यावर दिसत होतं.

मी त्या वस्तीचं नाव लिहून घेतलं आणि परत आल्यावर त्या मार्गावरच्या ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. त्याला दम दिला नाही. चहा दिला. रोजचा रस्ता सांग म्हणालो. तो मोकळेपणानं सांगायला लागला.

"पाण्याचं काय न्हाय साहेब, कुत्र्यांचा लई ताप. पैल्या वस्तीवर तीन हायत, टायरला लागत्यात. फुडच्या वस्तीवरचं काळं तर केबिनवर उडी मारतंय. पँट फाडली माझी."

"आणि ह्या वस्तीवर?" मी चोख फॉर्मवाल्या वस्तीचं नाव घेतलं.

तो थांबला. "तितं... तितं कुत्रं न्हाय."

"एकबी न्हाय?"

"न्हाय साहेब. शांत हाय वस्ती."

महिला हवालदार भिंतीला टेकून ऐकत होती, ती खळाळून हसली. "फॉर्मात शंभरावर मेंढरं लिवल्यात की रं! मेंढरं हायत आन कुत्रं न्हाय? मग लांडगा आला की त्याला काय फॉर्म भरून देत्यात व्हय?"

ड्रायव्हरनं चहाचा कप खाली ठेवला. मेंढपाळाच्या वस्तीवर एक वेळ चूल नसेल, पण कुत्रं नसेल असं होत नाही. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. फक्त फॉर्म भरणाऱ्याला हे सुचलं नव्हतं, कारण फॉर्मात कुत्र्याचा रकानाच नव्हता.

"साहेब, मी नुसता ड्रायव्हर हाय," तो म्हणाला. "सांगत्यात तितं ओततो."

दोन पंच घेऊन आम्ही त्याच्यासोबत तिकडं गेलो. वस्ती नव्हतीच. आजूबाजूचं रान भाजून निघालेलं, आणि मध्ये डाळिंबाची हिरवीगार बाग. बागेच्या कडेला शेततळं, काठोकाठ भरलेलं. टँकरची चाकोरी थेट तिथं जात होती. जागेवरच पंचनामा केला. बाग सुपरवायझरच्या मेव्हण्याची निघाली. फॉर्मवरचे नंबर बागेतल्या मजुरांचे आणि नात्यातल्या माणसांचे होते.

सुपरवायझरला समोर बसवलं तेव्हा सुरुवातीला त्याचा तोरा कायम होता.

"आमचे फॉर्म तपासा साहेब. एकसुद्धा चूक दाखवा."

"तीच तर तक्रार हाय," मी म्हणालो. "एकसुद्धा न्हाय."

त्याच्यासमोर पंचनामा ठेवला, ड्रायव्हरचा जबाब वाचून दाखवला. मग तो खाली बघत बोलायला लागला. कुठल्या रकान्याला काय चालतं हे त्याला माहीत होतं, त्यामुळे सगळे फॉर्म त्यानंच एका बैठकीत भरले होते. बाया ठाण्यात आल्यावर आपल्यावर येईल म्हणून मुलीचं नाव सांगणारा फोनही त्यानंच केला होता. गुन्हा दाखल झाला, पण योग्य माणसावर.

त्याच दिवशी मी खण उघडला. अर्धवट अहवालावर 'तथ्य आढळले नाही' असं लिहून तो निकाली काढला आणि चारित्र्य पडताळणीच्या कागदावर लिहिलं, 'सदर उमेदवाराविरुद्ध काहीही प्रतिकूल आढळून आले नाही.' नोकरीत हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल. पण तेवढ्या अभिमानानं फक्त एकदाच.

मुलीचे वडील कागद न्यायला आले होते. आभार मानायला त्यांना जमेना. म्हणाले, "पोरगी हट्टी हाय साहेब. नोकरीतबी लोकांना आपला नंबर देत बसंल." मी म्हणालो, "देऊ द्या की."

लॅबमध्ये हे सांगून झालं. टाईप करणारी मुलगी म्हणाली, "काका, मी म्हटलं तसं, एक नंबर एकदाच, असं असतं तर?"

"तर चोराचे सगळे फॉर्म गेले असते," मी म्हणालो, "आणि म्हातारीचा परत आला असता."

मला या विषयातलं अजून फार कळत नाही, त्यामुळे ठामपणे सांगायला संकोच वाटतो. पण त्या तपासानं शिकवलेलं एवढं नक्की सांगू शकतो: ज्याच्याकडे जे नाही ते सक्तीनं मागितलं, तर खरा माणूस दुसऱ्याचं उसनं आणतो आणि खोटा माणूस नवीन तयार करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तपासणी हवीच. पण रकाना बनवण्याआधी त्या माणसाच्या वस्तीवर एकदा जाऊन यावं.

आम्ही मोबाईलचा रकाना ऐच्छिक केला. डेटाबेसमध्ये तो मोकळा राहू शकेल अशी सोय केली. जन्मतारखेऐवजी अंदाजे वयही चालेल असं ठेवलं. आणि एक नवा रकाना घातला: फॉर्म कुणी भरून दिला, त्याचं नाव आणि नंबर. तो भाग मी स्वतः लिहिला. पहिल्यांदा चालला नाही, दुसऱ्यांदाही नाही. चालला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो आणि वर्गातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, हा जादा रकाना कशासाठी? मी उत्तर दिलं. हात वर न करता, सरळ उभा राहून.

ती सेंटरवाली मुलगी आता नोकरीत आहे. अधूनमधून फोन करते. फॉर्मची लिंक मी तिला पाठवली आणि म्हणालो, तपासून बघ.

थोड्या वेळानं तिचा फोन आला. "साहेब, वस्तीवरच्या आमच्या म्हातारीचं नाव टाकलंय. तिच्याकडं अजूनबी फोन न्हाय. माझा टाकू का?"

"नको. मोकळं सोड."

पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आला.

"साहेब," ती म्हणाली, "घेतलं की."