बेचाळीस नंबरची फाईल

रज्जाकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारंगा फाट्यावर बसची वाट पाहत उभा होतो. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. आज दीड महिना झाला. लोक त्यांच्या चांगुलपणाच्या आठवणी सांगतात, मीही सांगेन. पण माझ्या आठवणीत माझाच एक गुन्हा आहे, आणि तो लपवून मला लिहिता येणार नाही.

औंढ्यात आमचं दोघांचं छोटंसं दुकान. शेतातली मोटर मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या पेट्या आम्ही बनवायचो. पेटीतला प्रोग्रॅम मी लिहायचो. मी लिहितो तो कोड माणसाला वाचता येतो. त्यावरून तयार होऊन पेटीत जाते ती फाईल मात्र कुणालाच वाचता येत नाही. कोड सारखा बदलतो, पेट्याही जुन्या-नव्या. कोणती फाईल कोणत्या कोडवरून बनली आणि कोणत्या पेटीला चालेल, हे तिच्याकडे बघून कळत नाही. म्हणून भाईंनी एक लांब रजिस्टर घातलं होतं. कोडचा नंबर, त्याच नंबरची तयार फाईल, आणि पुढे ती कोणत्या पेटीची. मी थट्टा करायचो, "भाई, लेकरांच्या जन्माच्या नोंदी ठेवता काय?" ते चष्मा पुसत म्हणायचे, "व्हय. बाप कोन ते म्हाईत नसलं, तर लेकरू कुनाच्या दारात नेऊन सोडू?"

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मी नव्या पेट्यांसाठी कोडमध्ये बारीकसा बदल केला आणि निव्वळ आळसापोटी नवा नंबर न देता तयार फाईल जुन्या पेट्यांच्या बेचाळीस नंबरवरच चढवली. त्याच दुपारी भाईंनी रजिस्टर बघून ती बेचाळीस सिद्धेश्वरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जुन्या पेटीत टाकली. विहिरीतलं पाणी तळाला गेलं तरी मोटर थांबली नाही. जळाली. निरोप येताच भाई तिकडे धावले, आणि ते परत येईपर्यंत मी जुनी फाईल गुपचूप जागेवर ठेवून दिली. त्यांनी रजिस्टर पाहिलं, फाईल तपासली, सगळं बराबर... मग चुकला असेल तो आपलाच हात, असं त्यांनी धरलं. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. जळालेल्या मोटरचं वायंडिंग भरून घेऊन आम्ही दोघं त्या शेतकऱ्याकडे गेलो तेव्हा त्यांनी हात जोडले, "मामा, चूक माझी हाय. मीच भलती फाईल टाकली." मी शेजारी मूग गिळून उभा होतो.

त्यानंतर भाई बदलले. प्रत्येक फाईल तीन-तीनदा तपासायचे. पेटी बसवून निघाले तरी अर्ध्या रस्त्यातून माघारी जायचे. "गजू, माझा माझ्यावरच भरोसा न्हाई राहिला बाबा," म्हणायचे. आज सांगू, उद्या सांगू, करत मी तीन वर्षं काढली...

परवा त्यांच्या घरी गेलो. शमीमभाभींना सगळं सांगितलं आणि लहान पोरासारखा रडलो. त्या एवढंच म्हणाल्या,

"आता काहून सांगून राहिला, भैय्या? हे त्यान्ला सांगायचं होतं."



तिथून दुकानात आलो आणि रजिस्टर काढलं. बेचाळीसच्या ओळीपुढे भाईंच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'चूक माझ्या हातून. रज्जाक.' मी ते खोडलं. पेन इतका दाबला गेला की कागद फाटला. खाली लिहिलं, 'भाईंची फाईल बरोबर होती. मी बदलली. गजानन.' ते वाचायला आता त्या खुर्चीत कुणी नाही.