उत्तरेची भिंत

मी एका माणसाला फसवलं, आणि ते त्याच्या गालाला फसवून. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना त्याच्या तिरसटपणाचं तुम्हाला हसू येईल आणि माझ्याबद्दल उगीच बरं मत होईल. माझ्याबद्दल बरं मत होण्यासारखं यात काही नाही.

घरांच्या भिंतींना नक्षीचा कागद लावणं हा त्या माणसाचा धंदा. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. कुठल्याही घरी कामाला गेले की चाचा आधी टोपी काढून खिशात घालायचे आणि डोळे मिटून भिंतीला गाल टेकवून उभे राहायचे. घरातल्या बायका दाराआडून हसायच्या. बऱ्याच वेळानं गाल काढून ते निकाल द्यायचे. "आजून वली हाय. वीस दिसानं बलवा." नाहीतर, "बराबर हाय. खळ शिजवा."

हाताला भिंतीची ओल कळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मला म्हणायचे, "हात कामानं बहिरा झालेला असते, मुनशीजी. गाल न्हाई होत."

हे काम ते हैदराबादला अंमलदारांच्या बंगल्यांत शिकले होते. संस्थान गेलं, अंमलदार पांगले, तसे चाचा जुन्या जालन्यात आपल्या घरी परतले. घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. जालन्यात तेव्हा भिंतीला चुना देत, फार हौस असली तर चुन्यात नीळ कालवत. पांढरी भिंत दिसली की चाचांचं डोकं फिरायचं. "कफन गुंडाळून बसल्यावानी काय बसता घरात?" असं ते घरमालकाच्या तोंडावर विचारायचे. त्यांच्याकडच्या नमुन्यांच्या वहीत झाडांची हातभर पानं, पानांत दडलेले वाघ, अननस, सोंडेत कमळ धरलेले हत्ती. कुणी बारीक बुट्टी मागितली तर वही मिटून म्हणायचे, "मंग भिंतीला लुगडं नेसवा. मला कायला बलवता?"

मी एका कापसाच्या शेठजींकडे मुनशी होतो. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती आणि सारखी खोकायची. एकदा चाचा घरी आले आणि बोलावल्याशिवाय तिच्या पाळण्यामागच्या भिंतीला गाल लावून उभे राहिले. "ह्या भिंतीपाशी लेकरू निजवू नका. आतून पाणी मारून राह्यली." दुसऱ्या दिवशी उरलेल्या कागदाचा एक तुकडा घेऊन आले आणि समोरच्या कोरड्या भिंतीला लावून गेले. लालभडक डाळिंबं, एकेक कलिंगडाएवढं. पैसे विचारले तर रागावले. "लेकरानं काय चुना बघत मोठं व्हायचं?"

त्याच सुमाराला शेठजींच्या मुलीचा साखरपुडा येत्या माघात करायचा ठरला. शेठजींनी कुणाच्या तरी मुंबईच्या बंगल्यात भिंतीचा कागद पाहिला होता, तसाच त्यांना दिवाणखान्यात हवा होता. त्यांना हवी होती गुलाबाची फुलं. चाचांनी मोर गळ्यात घातले. पुरुषभर उंचीचे निळे मोर, पिसारा फुललेला. "शेठ, पावने गुलाब इसरतील. मोर त्यायच्या सपनात येतील." शेठजी हसले आणि कबूल झाले. दिवाळीआधी पहिल्या तीन भिंतींना कागद लागला, तेव्हा शेठजींच्या म्हाताऱ्या आई डोक्यावरून पदर ओढूनच आत आल्या. म्हणाल्या, "एवढे डोळे बघून राह्यलेत, उघड्या डोक्यानं कशी बसू?" चाचांना याच्याइतकी मोठी शाबासकी जन्मात मिळाली नसेल. आठवडाभर ते गल्लीत हेच सांगत फिरत होते.

राहिली उत्तरेची भिंत. तिचा गिलावा फुगला होता. दिवाळी झाल्याबरोबर तो खरवडून नवा करून घे, असं शेठजींनी मला बजावलं होतं, कारण नव्या चुन्याला तीन महिने कागद लावायचा नसतो. चाचा म्हणायचे, "चुना आतून जिता असते. रंग खाते."

मी शेठजींचा गवंडी आधी माझ्या घरी नेला, पाळण्यामागची ती भिंत पाडून बांधायला. मग त्याला आणखी दोन कामं लावली, कारण फुकटचा गवंडी होता. शेठजी कापसाच्या सौद्यांसाठी माघापर्यंत मुंबईला होते आणि बंद दिवाणखान्याची किल्ली माझ्याकडे होती, म्हणून त्यांची भिंत तशीच राहिली. गवंडी तिथं पोचला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. चाचा कागद लावायला यायच्या दिवशी तो गिलावा अठरा दिवसांचा होता.

चाचा गाल लावणार हे मला माहीत होतं. म्हणून मी दिवाणखान्याचं दार लावून घेऊन दोन दिवस भिंतीशी चार शेगड्या धगधगत ठेवल्या. भिंत वरून खडखडीत वाळली.

चाचांनी गाल लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"मुनशीजी, उत्तरेची भिंत. गरम कशी?"

"मागं स्वयंपाकघर आहे, चाचा. चूल त्याच भिंतीला लागून आहे."

"अन् गिलावा?"

"दिवाळीतला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मागं जाऊन चूल बघणं वीस पावलांचं काम होतं. ते गेले नाहीत. "तुमी म्हनता म्हंजे बराबर हाय," म्हणाले आणि खळीचं पातेलं उचललं.

चुन्यानं आठ दिवसांत निळा रंग खाल्ला. साखरपुड्याच्या सकाळी पाहुणे येऊन बसले तेव्हा समोरच्या भिंतीवरचे मोर मळकट तपकिरी झाले होते आणि त्यांच्या माना सुटून पुढं लोंबत होत्या. वराच्या मामांनी विचारलं, "शेठ, शुभकार्याला गिधाडं कशापायी बसवली?" सगळी बैठक हसली.

शेठजींनी चाचांना बोलावून घेतलं. चाळीस माणसांसमोर म्हणाले, "म्हाताऱ्या, माझ्या पोरीच्या साखरपुड्याला हे केलं तू? काढ. आत्ताच्या आत्ता काढ." चाचा शिडीवर चढले आणि नखांनी कागद सोलू लागले. खाली शिडी मी धरली होती. लोक पेढे खात बघत होते. त्या खाणाऱ्या तोंडांची मला आजही चीड येते, आणि शिडी धरून खाली मान घालणाऱ्या माझी त्याहून जास्त.

अर्धी भिंत सोलून झाल्यावर चाचा वरूनच म्हणाले, "मुनशीजी, सगळ्यायसमोर सांगा. गिलावा कधीचा?"

तेव्हा तरी मला खरं बोलता आलं असतं. नोकरी गेली असती, एवढंच. मी म्हणालो, "दिवाळीतला."

चाचांनी हातातला सोललेला कागद खाली टाकला. "मंग भिंतीचा कसूर न्हाई. माझाच गाल मेला."

त्यानंतर जालन्यात त्यांना कुणी काम दिलं नाही. गल्लीतले लोक 'गिधाडवाला' म्हणून हाका मारायचे. दुकानांच्या फळीवर बसलेली, एरवी शहाणी म्हणवणारी माणसं त्यांना येताना बघून माना लोंबवून दाखवायची. मी तिथून मान खाली घालून जायचो. वर्षभरात चाचा घर सोडून बायकोला घेऊन शहागडला लेकीकडे राहायला गेले.

आठ वर्षांनी कापसाच्या खरेदीसाठी मी शहागडला गेलो होतो. गोदावरीकाठच्या एका गुरांच्या कोठ्याला एक म्हातारा पांढरा चुना देत होता. चाचा होते. पांढऱ्या भिंतीला कफन म्हणणारा माणूस पांढरा चुना देत होता. पहिला हात देऊन झाला होता, दुसरा द्यायचा होता. ते भिंतीपासून दूर उभे राहून जावयाला विचारत होते, "जरा हात लावून बघा. वाळली का?"

"मामू, तीनदा सांगितलं, वाळली," जावई वैतागून म्हणाला. "भिंत हाय, परीक्षा हाय का?"

मला पुढं जाववेना आणि परतही फिरता येईना. शेवटी गेलो आणि म्हणालो, "चाचा, तुमचा गाल बरोबर होता." मग सगळं सांगितलं. गवंडी, शेगड्या, चूल, अठरा दिवस.

त्यांनी कुंचला बादलीत ठेवला. "किती शेगड्या?"

"चार."

"कोळसा कोनाचा?"

"शेठजींचा."

"सोताचा कोळसा बी न्हाई जाळला." मग त्यांचा आवाज चढला. मला ते कायम अहोजाहो करायचे. ते तिथं संपलं. "आठ वर्सं मी लोकायला इचारून राह्यलो, वाळली का, वाळली का. बायको तापानं पडली. तिच्या कपाळाला गाल लावला अन् म्हनलं, मला काय कळते. शेजारनीला हाक मारली, बाई, हिला ताप हाय का बघ. गेली ती. शेवटाला बी मी तिला माझ्या गालानं न्हाई बघितलं. अन् तू आज येतो सांगायला?"

मी पायाला हात लावायला वाकलो. त्यांनी पाय मागं घेतला.

"पाय सोड. हितं कोन हाय ऐकायला? येक जावई अन् दोन बकऱ्या. माझी इज्जत हितं गेल्ती का?"

"नाही."

"कुठं गेल्ती?"

"शेठजींच्या दिवाणखान्यात."

"मंग हितं कायला वाकून राह्यला?"

तुम्ही बरोबर चला, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "मी न्हाई येनार. तव्हा मी येकटा व्हतो, आता तू येकटा जा. अन् गिधाडवाला म्हनू नको. माझं नाव घे, बापाच्या नावासकट."

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी तोंडानं घे म्हटलं होतं, छाप म्हटलं नव्हतं.

जालन्याला परत आल्यावर मी दोन महिने काहीच केलं नाही. रोज पेढीवर जायचो, रोज शेठजींसमोर बसायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. मग दसरा आला. सोनं द्यायला सगळी पेठ शेठजींच्या दिवाणखान्यात जमते. साखरपुड्याला होती त्यांतली बहुतेक माणसं होती, केस पिकलेली. भिंतींना आता हिरवा तेलरंग होता. शेठजींनी माझ्यापुढं आपट्याची पानं धरली. मी ती घेतली नाही. उत्तरेच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो आणि चाचांचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. हा कोण, असं दोघातिघांनी विचारलं. ज्याला आपण गिधाडवाला म्हणत होतो तो, असं सांगावंच लागलं.

"मुनशी, सणासुदीला काय काढून राह्यला?" शेठजी म्हणाले.

"शेठजी, ऐकून घ्या, मग मला काढून टाका," मी म्हणालो. "ही भिंत त्या दिवशी अठरा दिवसांची होती. तुमचा गवंडी मी माझ्या घरी नेला होता. शेगड्या लावून भिंत मी वाळवली. त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी खोटं बोललो, दुसऱ्यांदा तुम्हा सगळ्यांच्या देखत. त्यांची काही चूक नव्हती. मी त्यांची माफी मागतो."

कुणीतरी मागून म्हणालं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा त्यांचं नाव घेतलं आणि पुन्हा मोठ्यानं माफी मागितली.