कंप्युटरनं जुळवलेल्या माहेरवाशिणी

किस्से काही कुणी जमवत नाही. रानातनं येताना लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे ते चिकटतात. घरी येऊन वेचायला बसलं की कळतं, किती झाले ते! माझी ही कुसळं मात्र कंप्युटरच्या रानातली.

वेल्ह्याच्या रस्त्याला आमचं गाव. यंदा जत्रेला गावच्या सगळ्या माहेरवाशिणींना बोलवून साडी नेसवायची ठरली. घराघरातनं नावं आली, पण एकाच बाईचं नाव आईनं एक सांगितलेलं, भावानं दुसरं. सारखी नावं जुळवणार कोण? म्हटलं, मी! मला कुणी शाळेत घातलं नाही. अक्षरं शिकले भिंतीवरच्या जाहिराती वाचून, आणि कंप्युटर मोबाईलवरचे व्हिडिओ बघून. कुणाला शंका असेल तर समोर येऊन बसावं.

काम सुरू होतंय तोवर वरच्या धनगरवाड्यातनं हौसाबाई काठी टेकत आली. तिची थोरली बहीण धोंडी लग्न होऊन देशावर गेली. मागनं धरणात त्यांची जुनी वाडी उठली, माणसं पांगली, आणि धोंडी पुन्हा दिसलीच नाही.

"आक्का, तेवढी माजी धोंडी हुडकून दे. तिला बघितल्याबिगर म्या काय मरत न्हाई."

म्हटलं, "मग हुडकतच न्हाई. जग अजून!"

*

पहिली रीत अशी. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी लागतात, ते कंप्युटर मोजतो. बदल कमी, म्हणजे नावं जवळची. मी हुकूम सोडला, "एका अक्षराचा फरक असला तर बाई एकच धर."

झालं! शांता आणि कांता एक झाल्या. दोघी चुलत बहिणी, बांधावरनं कित्येक वर्षांचा अबोला, आणि दोघींत मिळून साडी एक! दोघी एकदमच माझ्या दारात हजर, आणि जन्मात पहिल्यांदा एका सुरात: "हिच्यात आन माज्यात काय सारखं दिसलं गं तुला?"

म्हटलं, "आवाज!"

*

मग मी नियम आवळला. अक्षर न् अक्षर सारखं असेल तरच बाई एक. किकवीला दिलेली आमची लक्ष्मी घरच्यांनी लक्ष्मी, लक्षुमी, लक्ष्मीबाई आणि लक्षी अशी सांगितलेली. तिला आमंत्रणं गेली चार! सरपंचांनी फोन करून माफी मागितली, "बाई, एकच धरा."

ती म्हणाली, "आता कसं? मी तिन्ही जावांना साड्या कबूल केल्यात!"

आम्ही पोट धरून हसतोय आणि हौसाबाई दारात बसलेली. "घावली का?"

"न्हाई."

"मंग हसताय काय!"

*

तिसरी रीत कानाची. लिहिलेलं कसंही असो, उच्चार जवळचे असतील ती नावं कंप्युटर एका दावणीला बांधतो. एका नावाच्या दोन बायका निघाल्या, की मालकांचं नाव विचारून वेगळ्या करायच्या.

वरव्याला दिलेल्या एका म्हातारीला फोन लावला. ती बोलेल ते मोबाईल आपोआप लिहून घेत होता. पण नवऱ्याचं नाव ती असं कसं घेणार? तिनं उखाणा धरला, "चांदीच्या ताटात..." आणि रेंज गेली! मालकांच्या रकान्यात पडलं 'चांदीच्या ताटात'. कंप्युटरनं त्याच्या उच्चाराला जवळचं नाव हुडकलं, चंद्रकांत. पुन्हा फोन लावला, तर मालक खरंच चंद्रकांत!

सरपंच म्हणाले, "आक्का, लई हुशार निघाला की कंप्युटर!"

"हुशार कसला? बोलाफुलाला गाठ पडली. इलेक्शनला तुमी निवडून आला तशी!"

*

धोंडीसाठी मी तिन्ही रिती लावल्या. धोंडाबाई, धोंडूबाई, कोंडाबाई, सगळ्यांना फोन झाले. एक कोंडाबाई तर म्हणाली, "मी तुमची न्हाई, पण साडी देणार असाल तर होते!"

शेवटी हौसाबाईच बोलली, "सासरी नाव बदललं आसंल की गं."

"काय ठेवलं?"

"मला काय ठावं? म्या शेरडांमागं व्हते. आमची बांडी शेळी सारखी वढ्यात उतरायची!"

घ्या! लग्नात तांदळात बोटानं नवं नाव लिहायचं, आणि जुन्यातलं एक अक्षरसुद्धा शिल्लक ठेवायचं नाही. तिथं कंप्युटर अंतर मोजणार कुठून कुठपर्यंत? हरले म्हणायची मला सवय नाही, म्हणून नुसतं मशीन बंद केलं.

*

जत्रेला मांडव भरला. बोलावलेल्या आल्या, ऐकून न बोलावलेल्याही आल्या. प्रत्येकीच्या पदराला सासरच्या नावाची चिठ्ठी टाचलेली. सरपंचांनी हौसाबाईला माईकपाशी नेलं.

"मावशी, बहिणीचं नाव पुकारा."

"नावानं हुडकून झालं की," ती म्हणाली.

तिनं डोळे मिटले आणि सांजचं डोंगरावरनं शेरडू माघारी बोलवायला घालतात तशी हाळी घातली, "ये बांडेऽऽ! हुर्रर्र बांडेऽऽऽ!"

कर्णे किंचाळले. लेकरं रडायला लागली. सरपंचांनी माईक ओढला, तर ती सोडेना.

तेवढ्यात पंगतीतनं जरीच्या साडीतली एक म्हातारी उष्ट्या हातानंच उठली. पदराला चिठ्ठी 'सुनंदा'. कमरेवर हात ठेवून मांडवभर ऐकू जाईल अशी ओरडली:

"आगं ए हौशे, मला काय वरडून सांगती? काल म्या आणली हाकलून, आज तुजी पाळी! जा, उतर वढ्यात!"