आर्लिसने निवडलेला प्रोसेसर

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात, टेकडीवरच्या संगणकाच्या दुकानात प्रोसेसर काचेच्या कपाटात कुलपात असत आणि किल्ली असे आर्लिस हाउगेनच्या गळ्यात. कागदाची गिरणी बंद पडल्यावर ती या काउंटरमागे आली, त्याला बावीस वर्षं झाली होती. रविवारची प्रार्थना थेट दाखवणारी चर्चं असोत की मासेमारीचे व्हिडिओ काढणारे रिकामटेकडे, सगळ्यांचे प्रोसेसर तिनेच निवडलेले.

गिऱ्हाईक यायचं ते आकडे पाठ करूनच. "चोवीस कोअरचा दे."

"चोवीस घेऊन काय तळ्यावर बर्फ फोडणार आहेस? आधी सांग, चित्रण कुठल्या कॅमेऱ्यावर करतोस?"

हा प्रश्न विचारल्याशिवाय तिने कधी कुणाच्या हातात खोकं ठेवलं नव्हतं. कॅमेरा चित्र कसं घट्ट बांधून ठेवतो हे कळल्याशिवाय ते सोडवणारा प्रोसेसर निवडायचा कसा, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

सोमवारी तिचा मेहुणा विल्मर टॉफ्टे काउंटरपाशी येऊन उभा राहिला. त्याची बायको डोरीन, म्हणजे आर्लिसची धाकटी बहीण, जाऊन नऊ दिवस झाले होते. शनिवारी अकरा वाजता चर्चमध्ये तिची शोकसभा होती. शेवटचे सात महिने विल्मरने तिचं रोज चित्रण केलं होतं; हट्ट तिचाच. त्यातून वीस मिनिटांची फिल्म करून सभेत दाखवायची, तर ऐनवेळी त्याच्या संगणकाने मान टाकली.

त्या सात महिन्यांत आर्लिस बहिणीच्या घरी एकदाही गेली नव्हती. आईला याच दुखण्याने झिजताना तिने पाहिलं होतं, पुन्हा ते बघायची तिची छाती झाली नाही. दर रविवारी फोनवर मात्र सांगायची, "दुकानात नुसती झुंबड आहे गं, पुढच्या आठवड्यात नक्की येते."

आता विल्मरसमोर तिची मान वर होईना. कॅमेऱ्याचं विचारलं तर तो चित्रणाबद्दल बोलेल, मग खोलीबद्दल, मग कोण भेटायला आलं आणि कोण आलं नाही त्याबद्दल. नातवंडांची हॉकी तो ज्या कॅमेऱ्याने टिपायचा तो आपल्याला ठाऊक आहे की, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"तुझं चित्राचं कार्ड वेगळं आहे ना? मग हा घे," ती खोक्याकडे बघत म्हणाली. "याच्यातच अजून एक येतो, त्यात चित्र उलगडायचा भाग आत असतो. तुला तो लागायचा नाही."

"तू म्हणशील तो," विल्मर म्हणाला. नवा बोर्ड आणि तो प्रोसेसर घेऊन तो गेला, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी दुपारी बाराला त्याचा फोन आला.

"आर्लिस, डोरीन अडकतेय."

"म्हणजे?"

"आवाज पुढे जातो आणि तोंड तसंच राहतं. तीन दिवस झगडतोय, एक कट धड जमत नाही. कामापुरत्या हलक्या प्रती करायला घेतल्या, तर मेला एकतीस तास दाखवतोय!"

सभेला तेवीस तास उरले होते.

"विल्मर, कॅमेरा कुठला आहे?"

"नवा आहे. मार्चमध्ये घेतला. डोरीन म्हणाली, दिसायचंच आहे तर नीट दिसू दे."

नवा कॅमेरा जास्त रंग भरून चित्र बांधत होता. विल्मरच्या जुन्या कार्डाला ते सुटत नव्हतं, आणि सुटलं असतं ते ज्या भागामुळे, तोच नको म्हणून तिने सांगितलं होतं. ज्या चुकीबद्दल ती बावीस वर्षं लोकांची टर उडवत आली, ती तिने सख्ख्या बहिणीच्या बाबतीत केली होती. तिने कपाटातला दुसरा प्रोसेसर घेतला, मालकाला "येते" म्हणाली आणि गाडी काढली.

डोरीनचा आजारपणातला पलंग आता घरात नव्हता. गालिचावर त्याच्या पायांचे चार खड्डे होते. ते ओलांडून ती टेबलाशी गेली.

"थांब, जरा दम खा," विल्मर म्हणाला.

"गप्प बस आणि उजेड धर."

तिने पंखा सोडवला, जुना प्रोसेसर उचलला. खाली केसासारख्या बारीक पिना. एक जरी वाकली तरी बोर्ड निकामी. नवा प्रोसेसर तिने अलगद जागेवर ठेवला आणि दांडी दाबली. संगणक सुरू झाला, बंद पडला. पुन्हा सुरू झाला. पडदा काळाच. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर अक्षरं आली तेव्हा तिने सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा भाग चालू केला.

"लाव आता कुठलीही क्लिप."

खिडकीजवळच्या खुर्चीत डोरीन बसली होती. काटकीसारखी झालेली, पण अगदी स्वच्छ दिसत होती, आणि ओठ आवाजाबरोबर हलत होते. चित्रातच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. डोरीनने झटकन मान वळवली.

"टपालवाली आहे गं," कॅमेऱ्यामागून विल्मर म्हणाला.

"मला वाटलं आर्लिस." मग डोरीन हसली. "तिला काही बोलू नकोस हं. भित्री आहे ती पहिल्यापासून."

विल्मरने घाईघाईने क्लिप थांबवली. "हे मी काढणारच होतो. देवाशपथ."

आर्लिसला हुंदका आवरला नाही. ती उभ्या उभ्या रडली आणि विल्मरही तिच्याकडे न बघता रडला.

"काढू नकोस," ती शेवटी म्हणाली.

"अगं, उद्या सगळं गाव असेल तिथे."

"असू दे." तिने खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली. "असं अजून किती वेळा म्हणाली ती?"

"बाहेर गाडी वाजली की दर वेळी," विल्मर म्हणाला.

"सगळं लाव," आर्लिस म्हणाली.