बॅटरीच्या पाण्यातला धागा

गोंदियातल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, दुर्गेश्वरीची खोली आहे. खोली कॉलेजची, पण दोन वर्षांत तिथे दुसरं कुणी फिरकलेलं नाही, म्हणून तिचीच म्हणायची. ज्या सरांनी सूक्ष्मदर्शक आणून प्रयोग मांडला, तिला शिकवलं, ते नोकरी बदलून नागपूरला निघून गेले. मागे राहिली ती प्रयोगशाळा सहायक दुर्गेश्वरी.

प्रयोग सांगायला सोपा. डीएनएचा रेणू पाण्यात गुंता होऊन पडलेला असतो. त्याला चमकणारा रंग लावायचा, सोन्याच्या दोन बारीक पट्ट्यांमध्ये सोडायचा आणि वीज द्यायची. एकाच दिशेची वीज दिली तर तो वाहून जातो. पण सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी दिली, तर त्याचं एक टोक पट्टीच्या कडेला धरून राहतं आणि बाकीचा गुंता सरळ ताणला जातो. वीज बंद केली की पुन्हा गोळा. लग्नकार्यात लोकांशी काय बोलावं ते दुर्गेश्वरीला सुचत नसे; पडद्यावरच्या या हिरव्या धाग्याशी मात्र ती तासन्‌तास बोलायची.

आणि आता तोच रुसला होता. तीन आठवडे नुसता गरगर फिरायचा, ताणायचं नाव नाही. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "सोमवारी येऊन बघतो. चालत नसेल तर खोलीला कुलूप. तुम्ही ऑफिसात फॉर्म तपासा." तिने तारा बदलल्या, रंग बदलला, सरांना फोन लावले. सर कायम मीटिंगमध्ये.

शनिवारी ती देवरीला मायकडे निघाली. कोहमाऱ्याला बस बदलताना बॅटरीच्या दुकानासमोर उभी होती. दुकानदार मनीराम एका ट्रकवाल्याला झापत होता, "कॅनचं पाणी काऊन टाकलास बे? पिवाले चांगलं म्हणून बॅटरीले चालते का? क्षार रायते त्यात!"

दुर्गेश्वरी जागच्या जागी थिजली. पाणी शुद्ध करायचं यंत्र तीन आठवड्यांपूर्वी जळालं, तेव्हापासून तीही गोंदियाजवळच्या कुडवा गावातल्या दुकानातलं कॅनचं पाणीच वापरत होती. क्षाराच्या पाण्यात वीज नुसतं पाणी तापवत बसते. धागा ताणणार कुठून? तीन आठवडे उगाच बिचाऱ्या तारांना शिव्या घातल्या.

"काका, बॅटरीचं पाणी द्या जी, पाच लिटर."

"कोन्ती बॅटरी हाये, बाई?"

"बॅटरी नाही. धागा ताणाचा हाये."

मनीरामने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि डबा दिला.

"माय, मी येऊन नाही राहिली," तिने फोनवर सांगितलं. "भाजी करून ठेवली होती वं," माय एवढंच म्हणाली. दुर्गेश्वरीला फार वाईट वाटलं, तरी तिने परतीची बस धरली. रविवारी चौकीदाराची मनधरणी करून खोली उघडून घेतली, नव्या पाण्यात नमुना तयार करून ठेवला, आणि संध्याकाळभर घरी बसून प्राचार्य काय काय विचारतील त्याची उत्तरं पाठ केली.

सोमवारी प्राचार्य पडद्यावर वाकले. तिने बटण दाबलं. हिरवा ठिपका थरथरला आणि सरळ ताणला गेला.

"अरे वा! राहू द्या खोली. मदतीला माणूस मात्र मिळणार नाही हं. तुम्ही एकट्याच पुरे आहात." त्यांनी कौतुकानेच म्हटलं, घड्याळ पाहिलं आणि गेले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

तिने मायला फोन लावला. "माय, खोली वाचली."

"बरं झालं. मंग आता कोन रायते तिथं तुयासंगं?"

"कोनी नाही," दुर्गेश्वरी म्हणाली, आणि इतके दिवस न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.