स्वातीनं पट्टी बदलली

आमच्या विणकर सोसायटीतलं भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बरोबर चालतं आणि सभेच्या दिवशी दहा मिनिटं पुढे जातं. हे कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सभा वेळेवर सुरू होते, म्हणून कोणी बोलत नाही.

स्वाती हेडाऊ अकरा वर्षं आमच्याकडे कारकून आहे. लहानपणी बापानं मागावर बसवलं तर हिचे पाय मागाखालच्या पावड्यांपर्यंत पोचेनात. मोठी झाल्यावर पाय पोचले, पण मन काही मागावर बसेना. मग जवाहरनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. तिथं पहिल्याच आठवड्यात तिनं सरांचा माऊस डावखुरा करून ठेवला. सर दोन दिवस स्वतःच्याच हातावर संशय घेत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि एक्सेल मनापासून शिकवलं.

बाप साडीची किनार विणण्यात पटाईत होता. पोरीत ते आलं, फक्त ते आलेखात उतरलं. आलेखाच्या मागच्या जाळीच्या रेघा कोणी काळ्या ठेवल्या तर तिला सहन होत नाही. म्हणते, उभा ताणाच भडक केला तर आडव्या बाण्याचं काम दिसेल कसं. तिच्या जाळीच्या रेघा फिक्या राखाडी असतात, आकडे ठळक असतात, आणि खोडी कुठे असते ते शोधावं लागतं.

गेल्या साली सेक्रेटरी टेकचंद यांनी तिला सभेसाठी एक आलेख काढायला सांगितला. टेकचंद माणूस वाईट नाही, पण एकदा डोक्यात आलं की आलं. सोसायटीच्या हॉलच्या कोपऱ्यात कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे तीन माग आहेत. ते काढायचे आणि तिथं गमछ्यांचं गोदाम करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. साली नऊ हजार गमछे निघतात, कोशाच्या साड्या निघाल्या एकेचाळीस. एकाच आलेखात दोन्ही मांडले की गमछ्याची रेघ आभाळात आणि कोशाची जमिनीवर आडवी. दुपारी बाराला टेकचंदांनी तो पाहिला, समाधानानं मान हलवली आणि जेवायला गेले.

त्या तीन मागांपैकी एकावर कौशल्याबाई बसते. घरी एकच खोली, तिथं माग मावत नाही. ही जागा गेली की तिचं विणणं संपलं, हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. मी तेव्हा समोर बसून चहा पीत होतो. स्वातीनं डाव्या बाजूच्या आकड्यांवर माऊस नेला, दोन ठिकाणी खुटखुट केलं, एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला काही कळलं नाही. पण ती भुवया उडवते तेव्हा कोणाचं तरी काही खरं नसतं.

सभेला टीव्हीवर आलेख लागला. गमछ्याची रेघ वरच्या बाजूला आडवी, निपचित. कोशाची खालून निघालेली आणि उभा जिना चढावा तशी वर चाललेली. टेकचंदांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडे तेच होते.

पहिले उठले भय्याजी. वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचे अध्यक्ष, आणि कापडाला हात लावून विणकराचं नाव सांगणारे. टीव्हीजवळ जाऊन त्यांनी मागच्या बारीक रेघांवर बोट फिरवलं. "ह्या रेघा खाली इरळ, वर गेल्या का दाट. परत इरळ, परत दाट. फणीचे दात वाकले हायेत, स्वाती. असं कापड मी वापस केलं असतं."

सभा हसली. खरं सांगायचं तर तो आलेख इतक्या बारकाईनं दुसऱ्या कोणी वाचलाच नव्हता. स्वातीनं मग सगळ्यांना समजावलं. प्रत्येक ठळक रेघ खालच्या ठळक रेघेच्या दहापट : एक, दहा, शंभर, हजार, दहा हजार. मधल्या बारीक रेघा म्हणजे दोन, तीन, चार, म्हणून त्या वर दाटत जातात. साधी पट्टी किती ते दाखवते, ही पट्टी किती पटीनं वाढलं ते दाखवते. म्हशीशेजारी पारडू लहानच दिसणार, पण कोण वाढून राहिलं ते पाहा, असं ती म्हणाली. शेवटची चार सालं : चार, नऊ, वीस, एकेचाळीस. कोसा दर साली दुपटीनं वाढत होता आणि गमछा होता तिथंच होता.

टेकचंद मात्र हार मानणारे नव्हते. त्यांना रेघेतलं भगदाड दिसलं. दोन हजार वीस साली कोशाची रेघ तुटली होती. असं काहून, म्हणून त्यांनी विचारलं. स्वाती म्हणाली, त्या साली रजिस्टरात शून्य आहे, आणि शून्य ह्या पट्टीवर मांडताच येत नाही. शून्याची किती का पट करा, शून्यच.

"म्हणजे एक साल हे काम मेलंच होतं," टेकचंद म्हणाले. "जे एकदा मेलं, त्याच्यासाठी जागा कायले अडवायची?"

माना डोलल्या. कौशल्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला तिचा राग आला, की बाई, आता नाही बोलणार तर कधी. स्वाती टीव्हीकडे बघत नव्हती. ती भय्याजींकडे बघत होती.

भय्याजींनी स्वातीकडे पाहिलं, कौशल्याबाईकडे पाहिलं. मग काठी टेकून उठले.

"तिथं एक लिह."

कोणाला काही समजेना.

"कोरोनात हॉलले कुलूप मीच लावलं होतं. कोणी हॉलात माग चालवायचा नाही, असा ठरावही माह्याच सहीचा. अन् नातीच्या लग्नाची साडी मीच कौशल्याले विणाले सांगतली. कोणाले सांगू नको म्हटलं, तर त्या बाईनं आजवर नाही सांगतलं. शून्य नोहोय ते. एक होय."

स्वातीनं शून्य खोडून एक टाइप केला. तुटलेली रेघ जुळली, अगदी तळाच्या रेघेला टेकून. कोशाचे माग राहावेत म्हणून हात वर करा म्हटल्यावर पहिला हात भय्याजींचा होता. टेकचंदांनीही शेवटी केला, अर्धा. कौशल्याबाई रडली आणि मग भय्याजींवरच चिडली, की हे आधी सांगितलं असतं तर मी पाच वर्षं गिळून बसले नसते.

चहाच्या वेळी टेकचंद विचारत फिरत होते की हॉलला कुलूप होतं तर उघडलं कोणी. चावी तेव्हाही स्वातीकडेच असायची. ती घड्याळ दहा मिनिटं मागे करायला स्टुलावर चढली होती, त्यामुळे तिला ऐकू आलं नाही.

ती खाली उतरली तसं भय्याजींनी तिला गाठलं. "त्या शून्यासाठीच तू पट्टी बदलली न?"

"साध्या पट्टीवर शून्य गुपचूप खाली बसून राहते, भय्याजी," ती म्हणाली. "पाच साल बसूनच होतं. ह्या पट्टीवर त्याले बसाले जागाच नाही."

भय्याजींनी तिच्या डोक्यावर टपली मारली, आणि रजिस्टर मागवून त्या एकापुढे सही केली.